खरकट्याचे खत आणि वनस्पतींचे अर्क
शाळेच्या परसबागेत करावयाचा एक पडताळा

दुपारचे भोजन आटोपल्यावर शाळेच्या स्वयंपाकखोलीमागे जे साचते, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कांद्या-बटाट्याची साले, कोबीची बाहेरची पाने, कोथिंबिरीचे देठ, तांदळाचे धुवण, पातेल्याच्या बुडाशी लागलेली खिचडी आणि ताटांत उरलेले खरकटे, हे सर्व एका कोपऱ्यात टाकले जाते. तेथे माश्या जमतात, कुत्री व डुकरे येतात, आणि पावसाळ्यात दुर्गंधी सुटते. याच शाळेच्या दुसऱ्या कोपऱ्यात परसबाग असते, आणि तेथील पालक, वांगी, शेवगा यांना खत मिळत नाही म्हणून मुले हळहळत असतात. हे दोन कोपरे एकमेकांस जोडून देणे हे शिक्षकाच्या हातचे काम आहे.

खरकटे हवाबंद टाकीत पचवून त्यापासून जळाऊ वायू व पातळ खत मिळविण्याची रीत आता गावोगावी परिचित होत आहे. या पातळ खतास शेतकरी ‘स्लरी’ म्हणतात. त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट कानावर येते. स्लरीत अमुक झाडाच्या पाल्याचा अर्क मिसळला की तिच्यातील अन्नद्रव्ये वाढतात, असे कोणी सांगतो. कोणी कडुनिंबाचे नाव घेतो, कोणी शेवग्याचे, तर कोणी गिरिपुष्पाचे. पालक येऊन गुरुजींना विचारतात, ‘हे खरे काय?’ नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यांत गुरुजींच्या आणि बाईंच्या शब्दाला आजही वजन आहे. म्हणून उत्तर देण्यापूर्वी या विषयाचे मर्म नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कुजणे आणि पचणे

सेंद्रिय पदार्थ दोन रीतींनी विघटित होतात. उकिरड्यावर हवा खेळती असते. तेथील जिवाणू प्राणवायूच्या साहाय्याने पदार्थ कुजवितात, ढीग तापतो आणि वाफ निघते. हवाबंद टाकीत निराळे जिवाणू काम करतात. प्रथम पिष्टमय पदार्थ, प्रथिने व चरबी यांचे लहान घटक होतात. मग त्यांची आम्ले बनतात. आणि शेवटी विशिष्ट जिवाणू त्या आम्लांपासून मिथेन वायू तयार करतात. टाकीत एकदम पुष्कळ खरकटे लोटले, तर आम्ले करणारे जिवाणू पुढे धावतात व मिथेन करणारे मागे राहतात. मग टाकी आंबते, वायू कमी होतो आणि आंबूस वास येऊ लागतो. यासाठी प्रारंभी शेणाचे विरजण घालणे आणि पुढे दररोज थोडे थोडे खरकटे देणे हा नियम पाळावा लागतो.

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्यापासून जळाऊ वायू मिळविण्याची व्यवस्था करण्यात आली होती. जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास ‘ग्रामलक्ष्मी’ हे गोबर गॅस संयंत्र सिद्ध केले, आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्या धर्तीच्या संयंत्रांचा देशभर प्रसार केला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैला व शेण यांपासून खत आणि गोबर गॅस करण्याचे प्रयोग हाती घेतले. अलीकडच्या काळात भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी ओल्या कचऱ्यासाठी ‘निसर्गऋण’ संयंत्र विकसित केले. पुण्यातील ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली घरगुती खरकट्यावर चालणारे लहान संयंत्र तयार झाले. त्यासाठी संस्थेस २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेण हे जनावराच्या पोटात एकदा पचलेले असते, तर खरकट्यातील पिष्ट व साखर न पचलेली असते. म्हणून वजनास वजन धरले असता खरकट्यापासून शेणापेक्षा पुष्कळ अधिक वायू मिळतो, हे त्या संस्थेने दाखवून दिले.

पचनाने अन्नद्रव्ये वाढतात काय?

पिकाला लागणारी मुख्य अन्नद्रव्ये तीन: नत्र, स्फुरद आणि पालाश. टाकीत जितके नत्र गेले, साधारणतः तितकेच स्लरीबरोबर बाहेर येते. स्फुरद व पालाश यांचेही तसेच. वायूच्या रूपाने निघून जातो तो मुख्यतः कर्ब. तथापि प्रयोगशाळेत स्लरी वाळवून तपासली, तर नत्राचा शेकडा अंश मूळ खरकट्यापेक्षा जास्त भरतो. याचा उलगडा लातूरकडील मुलांना चटकन होईल, कारण त्यांनी गुऱ्हाळ पाहिलेले असते. कढईत रस आटला म्हणजे गूळ अधिक गोड लागतो; पण कढईत कोणी साखर ओतलेली नसते. रसात होती तीच साखर गुळात असते, आणि उडून जाते ते पाणी. त्याचप्रमाणे टाकीतून कर्ब निघून गेला की उरलेल्या पदार्थात नत्राचा अंश मोठा दिसतो.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. स्लरीचे आकडे पुष्कळदा वाळविलेल्या वजनावर दिलेले असतात आणि त्यांची तुलना ओलसर शेणखताच्या आकड्यांशी केली जाते. ओल्या स्लरीत शेकडा नव्वदाहून अधिक पाणी असते. तेव्हा कोणताही आकडा वाचताना ‘हा ओल्या वजनावर की वाळलेल्या?’ असा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावावी.

मग पचनाचा लाभ कोणता? नत्राचे प्रमाण तेच राहिले, तरी त्याचे रूप पालटते. खरकट्यात ते प्रथिनांत बांधलेले असते व पिकाला तत्काळ घेता येत नाही. पचनानंतर त्याचा बराच भाग अमोनियाच्या रूपात मोकळा होतो, आणि पिकास तो लवकर लागू पडतो. स्लरी दिल्यावर भाजीचा रंग थोड्याच दिवसांत गडद होतो, त्याचे कारण हेच. परंतु मोकळे झालेले नत्र पळूनही जाते, आणि मराठवाड्याच्या मातीत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नत्र कसे निसटते

नांदेड व लातूर येथील काळी जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यात चुनखडीचे प्रमाण पुष्कळ ठिकाणी अधिक असून तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो, म्हणजे ती अल्कधर्मी असते. पाण्यात विरघळलेले अमोनियाचे नत्र दोन रूपांत राहते: एक विद्राव्य अमोनियम, दुसरे वायुरूप अमोनिया. सामू ७ असताना वायुरूप भाग शेकडा अर्ध्याच्या आसपास असतो. सामू ८ झाला की तो शेकडा ५ होतो. आणि सामू ९.२५ च्या सुमारास जवळजवळ निम्मे नत्र वायुरूप होते. हे आकडे २५ अंश सेल्सिअस तापमानाचे आहेत. ऊन वाढले की वायूचा भाग आणखी वाढतो. वायू उडाला की त्याची जागा घेण्यास नवा वायू तयार होतो, आणि नत्र थोडे थोडे करून निघून जाते. वैशाखाच्या दुपारी उघड्या वाफ्यावर स्लरी ओतली असता जो उग्र वास येतो, तो निसटणाऱ्या नत्राचा वास होय.

दुसरी वाट पाण्याची. जमिनीतील जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. पीक ते घेते खरे, परंतु मुसळधार पावसात नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपते, आणि भारी जमिनीत पाणी तुंबले तर त्याचा काही भाग वायू होऊन उडतो. तात्पर्य, स्लरीचे मूल्य टाकीत जितके ठरते तितकेच ते टाकीबाहेर, वाफ्यात ओतण्याच्या क्षणी ठरते.

अर्क काय करू शकतात

अर्काने नत्र शून्यातून निर्माण होत नाही. त्याच्याकडून होण्याजोगी कामे चार आहेत, आणि कोणत्या अर्काकडून कोणते काम अपेक्षित आहे हे आधी ठरविले पाहिजे.

पहिले काम भर घालण्याचे. गिरिपुष्पाच्या वाळलेल्या पाल्यात शेकडा अडीच ते तीन नत्र असते. हे झाड बांधावर सहज वाढते, आणि छाटले की पुन्हा फुटते. त्याचा पाला पाण्यात आठ-दहा दिवस झाकून कुजविला आणि ते पाणी स्लरीत मिसळले, तर स्लरीतील नत्र खरोखर वाढते. कारण पाल्यातील नत्र तिच्यात आलेले असते. मात्र पाला नुसता उकळून गाळला, तर पाण्यात विरघळते तेवढेच मिळते, आणि प्रथिनांतील पुष्कळसे नत्र चोथ्यात राहते. म्हणून चोथा फेकून न देता वाफ्यात पुरावा.

दुसरे काम धरून ठेवण्याचे. आम्लाने सामू उतरतो व अमोनिया विद्राव्य रूपात राहतो. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, आणि आपल्या भागात चिंचेस तोटा नाही. परंतु स्लरीत कर्बाम्लाचे क्षार पुष्कळ असतात व ते आम्लास विरोध करतात. बादलीभर स्लरीत मूठभर चिंच कोळली, तर थोडा फेस येतो आणि सामू फारसा हलत नाही. पुरेसे आम्ल घालावयाचे म्हटले तर चिंच महागात पडेल.

तिसरे काम आवर घालण्याचे. निंबोळीतील काही द्रव्ये अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची गती मंद करतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात यावर महत्त्वाचे संशोधन झाले. शेतकऱ्यांसही १०० किलो युरियास २० किलो निंबोळी पेंड चोळण्याची शिफारस केली जात असे, आणि २०१५ साली देशात तयार होणाऱ्या सर्व युरियास निंबतेलाचे आवरण देणे सक्तीचे झाले. करंजाच्या बियांतील करंजिन हे द्रव्यही याच जातीचे काम करते. येथे एक मेख आहे. नायट्रेट होणे लांबले म्हणजे नत्र अधिक काळ अमोनियाच्या रूपात राहते. अशी स्लरी चुनखडीच्या जमिनीवर उघडी राहिली, तर पावसापासून वाचविलेले नत्र वाऱ्यावर जाईल. म्हणून निंबोळी मिसळलेली स्लरी मातीआड केलीच पाहिजे.

चौथे काम चेतना देण्याचे. शेवग्याच्या कोवळ्या पाल्यात झिएटिन नावाचे वाढीस प्रेरक द्रव्य आढळते. हे द्रव्य प्रथम मक्याच्या दाण्यांतून १९६० च्या दशकात वेगळे करण्यात आले. शेवग्याच्या पाल्याचा रस पाण्यात पुष्कळ पातळ करून पानांवर फवारला असता काही पिकांची वाढ सुधारल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे. परंतु तो पिकावर झालेला परिणाम होय. त्याने खतातील नत्र वाढले असे म्हणणे चुकीचे ठरेल.

टाकीत अर्क घालू नये

उत्साहाच्या भरात पुष्कळ जण अर्क थेट टाकीतच ओततात. ही चूक टाळावी. टाकीत काम करणारे जिवाणूच आहेत, आणि जिवाणूंना आवर घालणारी द्रव्ये चांगले व वाईट असा भेद करीत नाहीत. कडुनिंब, हिरडा, बाभळीची साल, डाळिंबाची साल यांतील कडू व तुरट द्रव्यांनी पचन मंदावते. मोसंबी-लिंबाच्या सालीतील तेल मिथेन करणाऱ्या जिवाणूंना बाधक ठरते. म्हणून या साली टाकीत जाऊ न देता उकिरड्यावर टाकाव्यात, आणि कोणताही अर्क मिसळावयाचा तो स्लरी बाहेर काढल्यावर, वाफ्यात देण्याच्या वेळी मिसळावा.

शाळेचा हिशेब

प्राथमिक शाळेत भोजनासाठी दर मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजीचे प्रमाण ठरलेले आहे. पटावर १०० मुले असतील तर रोज ५ किलो भाजी लागेल. निवडण्यात पाचवा हिस्सा निघतो असे मानले, तर १ किलो साले व देठ मिळतील. त्यांत वाळलेला अंश १०० ते १२० ग्रॅम, आणि त्यात शेकडा २ नत्र धरले तर रोज २ ते अडीच ग्रॅम नत्र होते. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षात किमान २०० दिवस शाळा भरते. म्हणजे वर्षाकाठी ४०० ते ५०० ग्रॅम नत्र.

युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात २० किलोंहून थोडे अधिक नत्र असते. शाळेचे वर्षभराचे भाजीचे साल त्याच्या चाळिसाव्या किंवा पन्नासाव्या हिश्श्याइतके भरते. हे ऐकून कोणी निराश होऊ नये. पालकासारख्या भाजीस चौरस मीटरमागे सुमारे ८ ते १० ग्रॅम नत्र लागते. त्या मानाने ४०० ते ५०० ग्रॅम नत्रावर ५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे अर्धा गुंठा परसबाग एकदा पिकू शकते. यात निम्मे नत्र उन्हात उडून गेले तर बाग पाव गुंठ्यावर येते. उलट, रोज १ किलो गिरिपुष्पाचा ओला पाला जोडला तर त्यातून आणखी ५ ते ६ ग्रॅम नत्र मिळते, म्हणजे सालांतील नत्राच्या दुपटीहून अधिक. शेतकऱ्याच्या दहा एकर सोयाबीनला या खताने पुरे पडणार नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे. आणि परसबागेस ते पुरे पडते, हेही तितकेच स्पष्ट सांगावे.

पाण्याचा विचारही येथेच करावा. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही आठवण या भागात ताजी आहे. टाकीत घालावयाचे खरकटे कालविण्यास व स्लरी पातळ करण्यास पिण्याचे पाणी वापरू नये. तांदळाचे, डाळीचे व भाजीचे धुवण त्यासाठी राखून ठेवावे. साबणाचे पाणी मात्र त्यात मिसळू देऊ नये.

चार वाफ्यांचा पडताळा

अर्काने स्लरी सुधारते काय, या प्रश्नाचे उत्तर इयत्ता पाचवी ते सातवीची मुले स्वतः काढू शकतात. पुष्कळ ठिकाणी अर्क घातलेल्या वाफ्याची तुलना काहीच न घातलेल्या वाफ्याशी केली जाते. त्यावरून श्रेय स्लरीचे, अर्काचे की नुसत्या पाण्याचे, हे कळत नाही. त्यासाठी चार वाफे लागतात.

पहिल्या वाफ्यास ३ लिटर पाणी द्यावे. दुसऱ्यास २ लिटर स्लरी व १ लिटर पाणी. तिसऱ्यास २ लिटर स्लरी व १ लिटर अर्क. चौथ्यास २ लिटर पाणी व १ लिटर अर्क. प्रत्येक वाफा १ मीटर लांब व १ मीटर रुंद असावा, आणि ही मात्रा आठवड्यातून एकदा द्यावी. इतर दिवशी सर्वांना सारखेच पाणी घालावे. अर्कासाठी १ किलो गिरिपुष्पाचा पाला बारीक चिरून ५ लिटर पाण्यात झाकून ठेवावा. एका हंगामात एकच अर्क घ्यावा. दोन-तीन अर्क एकत्र केल्यास कोणी काय केले ते समजत नाही.

पीक कोणते घ्यावे, यालाही महत्त्व आहे. मेथी लवकर येते म्हणून पुष्कळ शिक्षक ती पसंत करतील. परंतु मेथी द्विदल असल्याने तिच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र स्थिर होते, आणि खतातील फरक झाकला जातो. पालक, चुका किंवा तांदुळजा घ्यावा. बी मोजून समान पेरावे. शक्य असल्यास प्रत्येक प्रकाराचे तीन वाफे करावेत आणि कोणता वाफा कोठे यावा हे मुलांनी चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे झाडाची सावली किंवा नळाची ओल एकाच प्रकाराच्या वाट्याला येणार नाही. जागा कमी असेल तर तेलाच्या रिकाम्या डब्यांत समान माती भरून, मात्रा त्या मानाने कमी करून, हाच प्रयोग करता येईल.

सुमारे ३० ते ३५ दिवसांनी प्रत्येक वाफ्यातील भाजी कापून, माती झटकून, स्वयंपाकखोलीतील तराजूवर तोलावी व वजन फळ्यावर मांडावे. निष्कर्ष काढण्याची रीत एका मानलेल्या उदाहरणाने सांगता येईल. पाण्याच्या वाफ्यात ४०० ग्रॅम, स्लरीच्या वाफ्यात ७०० ग्रॅम आणि नुसत्या अर्काच्या वाफ्यात ५५० ग्रॅम भाजी आली असे समजा. स्लरीने ३०० ग्रॅम वाढविले, अर्काने १५०. आता दोन्ही दिलेल्या वाफ्यात ८५० ग्रॅम भरले, तर दोघांनी आपापले काम केले, एवढेच सिद्ध होते. अर्काने आपल्यातील अन्नद्रव्यांची भर घातली. ८५० पेक्षा ठळकपणे अधिक भरले, आणि तिन्ही वेळा तसेच घडले, तरच अर्कामुळे स्लरी अधिक उपयुक्त झाली असे म्हणता येईल. ७०० च भरले, तर अर्काचा श्रम वाया गेला. यांपैकी कोणतेही उत्तर आले तरी ते वहीत जसेच्या तसे लिहावे. अपेक्षेप्रमाणे वजन आले नाही म्हणून आकडा बदलणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षा न करता, त्याच्याच हाताने तोच वाफा पुन्हा तोलून घ्यावा.

याच्या जोडीला वर्गात एक सोपा प्रयोग करावा. पांढरा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावा. त्याची पट्टी किंचित ओली करून स्लरीच्या भांड्यावर, द्रवास न लावता, धरावी. अमोनिया निघत असेल तर पिवळी पट्टी तांबूस होते. तीच स्लरी एका डब्यात मातीवर ओतावी आणि दुसऱ्या डब्यात चर काढून, ओतून, वर चार बोटे माती लोटावी. दोन्ही डब्यांवर पट्ट्या धरल्या असता उघड्या डब्यावरची पट्टी रंग बदलते, आणि झाकलेल्यावरची फारशी बदलत नाही. काळ्या मातीतील चिकण कण अमोनियम धरून ठेवतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. अर्क मिळो वा न मिळो, सायंकाळी चरात स्लरी देऊन लगेच माती ओढणे हा नत्र वाचविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो उद्यापासून करता येतो.

दक्षता

हा प्रयोग मुलांच्या हातून व्हावयाचा असल्याने काही नियम कटाक्षाने पाळावेत. हवाबंद पिंप घरगुती रीतीने तयार करण्याच्या फंदात शाळेने पडू नये. कोंडलेल्या वायूने झाकण उडते, आणि मिथेन पेट घेतो. शाळेत मान्यताप्राप्त संयंत्र नसेल तर गावातील ज्या शेतकऱ्याकडे ते असेल, त्याच्याकडून दोन बादल्या स्लरी मागून आणावी. संयंत्राजवळ विस्तव नेऊ नये व त्याच्या खड्ड्यात कोणासही उतरू देऊ नये. साध्या तापमानाच्या टाकीत सर्व रोगजंतू व जंतांची अंडी मरतातच असे नाही. म्हणून स्लरी पानांवर न शिंपडता मातीतच द्यावी, कापणीच्या आधी पंधरा दिवस देणे थांबवावे, आणि त्या वाफ्यातील भाजी धुऊन व शिजवूनच खावी. कच्ची खावयाची कोथिंबीर, मुळा, गाजर यांस ती देऊ नये. अर्कासाठी धोतरा, कण्हेर किंवा रुईचा चीक मुलांच्या हाती देऊ नये. गिरिपुष्पास काही ठिकाणी उंदीरमारी म्हणतात, यावरून त्याचाही पाला तोंडात घालण्याजोगा नाही हे मुलांना सांगावे. काम संपल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

समारोप

कृषी दुकानांत रंगीत बाटल्या येतात, गावात फिरते विक्रेते येतात, आणि प्रत्येक जण आपल्या अर्काने खताची ताकद वाढते असे सांगतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पैसा थोडा असतो, आणि हंगाम एकदा हुकला की वर्ष जाते. त्याच्या घरातील सहावीतल्या मुलीने शाळेत चार वाफे तोलले असतील, तर ती वडिलांना विचारू शकेल, ‘बाबा, हा अर्क नुसत्या पाण्याबरोबर घालून पाहिला का? आणि त्याच्याविना स्लरी घालून पाहिली का?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागली तर खरकट्याच्या कोपऱ्यातून मिळणारे पीक पालकाच्या जुडीपेक्षा मोठे ठरेल.

येत्या खरिपात शाळा उघडल्यानंतर पहिल्या पंधरवड्यात वाफ्यांची आखणी करावी, बांधावर गिरिपुष्पाच्या काड्या लावाव्यात, आणि वजनांची वही वर्गात सर्वांना दिसेल अशी टांगून ठेवावी. शिक्षक-केंद्राच्या बैठकीत ही वही सोबत आणल्यास निरनिराळ्या गावांच्या जमिनींवरील निष्कर्ष शेजारी ठेवून पाहता येतील. कंधारच्या डोंगरउतारावरील हलक्या जमिनीत आणि निलंग्याच्या भारी काळ्या जमिनीत उत्तर एकच येईल, असे गृहीत धरण्याचे कारण नाही.